वरचा मजला भाड्याने द्यायचाय, पण तिघांपैकी कोणाला?

प्रश्न : मी गोव्यात, पेडणे तालुक्यात राहते. प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. मिस्टर आता नाहीत, मुलगा पुण्याला नोकरीत आहे. खालच्या मजल्यावर मी एकटी. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाथरूम आणि बाहेरून स्वतंत्र जिना आहे. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून ‘खोली आहे का’ म्हणून विचारणारे सारखे येतात. मी अठरा हजार सांगितले आहेत. सध्या तिघे मागे लागलेत.

पहिली, विमानतळावर कामाला असलेली चार मुलं. दोन सावंतवाडीकडची, एक केरळचा, एक आसामचा. दुसरं, दिल्लीचं जोडपं. घरूनच काम करतो म्हणतात. वीस हजार देतो, वर्षाचं भाडं एकदम रोख घ्या म्हणतात, पण कागदाची भानगड नको. तिसरा, मूळ विजापूरकडचा एक गवंडी. आता स्वतः कामं घेतो. बायको, दोन मुलं. नऊ वर्षं कोलवाळला भाड्याने राहतो, तिथला मालक घर पाडून नवं बांधणार आहे.

माझे दीर म्हणतात, भायल्यांना, म्हणजे बाहेरून आलेल्यांना देऊच नको. शेजारीण म्हणते, कोणालाही ठेवलंस तर मुंडकार लागेल, म्हणजे तो कायमचा राहायचा हक्क सांगेल. मुलगा म्हणतो, करार ऑनलाइन नोंदव, म्हणजे काही होत नाही. माणसाची पारख आपल्याला आहे असं मला आजवर वाटत आलं, आता धीर होत नाही. काय विचारू, कोणते कागद मागू? आणि इतकं विचारलं तर माणूस दुखावणार नाही का?

उत्तर : बाई, तिघांबद्दल तुम्ही बरंच लिहिलंत, पण ते सगळं त्यांनी स्वतःच तुम्हाला सांगितलेलं आहे. एकाचीही गोष्ट तुम्ही अजून तिसऱ्या माणसाकडून ऐकलेली नाही. माणसाचा स्वभाव अर्ध्या तासाच्या बोलण्यात तुम्हाला कळणार नाही, मलाही कळणार नाही. त्याने सांगितलेलं खरं निघतं की नाही, हे मात्र दोन-चार दिवसांत कळतं. तेवढे दिवस हातात ठेवा. ‘उद्याच टोकन देतो, आजच हो म्हणा’ अशी घाई करणाऱ्याला आणखी दोन दिवस थांबवा.

ही चौकशी किल्ली द्यायच्या आधीच का करायची? कारण नंतर तुमच्या हातात फार कमी उरतं. भाड्याच्या इमारतींसाठी गोव्यात १९६८ चा कायदा आहे. भाडेकरू म्हणून एकदा कोणी घरात बसला आणि हटला नाही, तर त्याला बाहेर काढायची वाट रेंट कंट्रोलरकडून (भाड्याचे वाद ऐकणारा सरकारी अधिकारी) किंवा कोर्टातून जाते. पुढे अपील असतं, तारखा असतात. वीज तोडणं, पाणी बंद करणं, तो बाहेर गेल्यावर कुलूप बदलणं यातलं काहीही तुम्हाला कायद्याने करता येत नाही. रागाच्या भरात तसं करणारे मालक स्वतःच पोलीस स्थानकात खेपा घालताना दिसतात.

चौकशीत सगळ्यात वजनाची गोष्ट म्हणजे मागचा घरमालक. आधार कार्ड सगळ्यांकडे असतं, गोड बोलणंही सगळ्यांना येतं. माणूस भाडेकरू म्हणून कसा वागला हे फक्त त्याच्या घरमालकाला ठाऊक असतं. सध्याच्या मालकाशी बोलाच, पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर जाऊ नका. नकोसा झालेला भाडेकरू एकदाचा जावा म्हणून त्याची तोंडभर स्तुती करणारे मालक असतात. त्याच्या आधीचा मालक सापडला तर सोनं. त्याचं आता काही अडलेलं नसतं, त्यामुळे तो मोकळेपणाने बोलतो.

फोन लावलात की उत्तर आपणच पुरवू नका. ‘नऊ वर्षं राहिले ना तुमच्याकडे?’ असं विचारलं की पलीकडचा ‘हो’ म्हणणारच. ‘कधीपासून आहेत?’, ‘भाडं किती होतं?’, ‘कोणत्या तारखेपर्यंत यायचं?’, ‘घरात माणसं किती?’ असं मोकळं विचारा आणि उत्तरं भाडेकरूने सांगितलेल्याशी ताडून पाहा. उत्तर सुचवणारा प्रश्न मुलांना विचारू नये हे मी तुम्हाला काय सांगणार! दिलेला नंबर मालकाचा नसून एखाद्या मित्राचा असेल, तर तो या साध्या प्रश्नांवरच अडखळतो. शेवटी एक विचारा : ‘हीच माणसं पुन्हा आली तर घर द्याल?’ यावर तो पटकन काय म्हणतो ते ऐका. ‘तसे बरे आहेत, पण...’ असं म्हणाला तर त्या ‘पण’च्या पुढचं काढून घ्या.

आता तुमचे तिघे. मी गवंड्यापासून सुरुवात करीन, कारण त्याची चौकशी तुम्हाला सगळ्यात सोपी आहे. धारगळच्या पुढे पूल ओलांडला की कोलवाळ. फोन कशाला, सरळ जाऊन या. घर खरोखर पाडायचं आहे का, हे मालकाला आणि शेजारच्या दोन घरांना विचारा. जमलं तर त्या कुटुंबाच्या दारातही पाच मिनिटं थांबा. भाड्याच्या घरात नऊ वर्षं माणूस कसा राहिला हे ते घरच सांगेल. भिंतीला ठोकलेले खिळे मोजत बसू नका, मोरी आणि स्वयंपाकाचा ओटा बघा.

त्याच्याकडे पगाराची स्लिप नसणार, म्हणून त्याला बाद करू नका. हातावरच्या कामाचा पैसा चढउताराचा असतो, पावसाळ्यात बांधकामं मंदावतात. तेव्हा जून ते सप्टेंबर भाडं कसं भरता, हे सरळ विचारा. ज्याने नऊ पावसाळे भाडं भरून काढलेत त्याच्याकडे याचं उत्तर असतं. बँकेच्या पासबुकातल्या सहा महिन्यांच्या नोंदी दाखवायला सांगा आणि गेल्या वर्ष-दोन वर्षांत ज्यांची कामं केली अशा दोघांची नावं घ्या. काम वेळेत पुरं केलं का, घेतलेल्या आगाऊ पैशांचा हिशेब दिला का, हे त्यांना विचारा. याहून चांगला दाखला कुठल्या कंपनीचा एच.आर. विभाग देणार नाही. आणि भाडं महिन्याच्या कमाईच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत बसतं का, हे बघा. त्यापलीकडे गेलं की सज्जन माणसाचंही भाडं थकतं.

दिरांचं म्हणणं मला पटत नाही, हे स्पष्टच सांगते. ‘भायला’ म्हणून नको म्हटलं तर तुमच्याकडचे तिघेही बाद होतात आणि वरचा मजला उंदरांना जातो. जात, धर्म, गाव विचारून भाडं वेळेवर येईल की नाही याचा काडीचाही अंदाज लागत नाही. उलट ‘आपल्या’ माणसाने भाडं थकवलं की मागायचीसुद्धा पंचाईत, वरून नात्यागोत्यातलं कोणीतरी मध्यस्थीला येतंच. नऊ वर्षं इथे राहिलेल्या, पोरं इथल्या शाळेत घातलेल्या माणसाची चौकशी तुम्ही एका सकाळीत पुरी करू शकता. दिल्लीच्या जोडप्याची तशी सोय नाही. फरक करायचा तर यावर करा.

विमानतळावरच्या मुलांना ‘बॅचलर’ म्हणून उडवून लावू नका. जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडतायत आणि पेडण्यात अशा मुलांची वर्दळ वाढलीय. विमानतळ जीएमआर ही कंपनी चालवते, पण तिथे काम करणारे बरेचसे निरनिराळ्या ठेकेदार कंपन्यांचे असतात. म्हणून गळ्यातलं ओळखपत्र बघून खूश होऊ नका. नोकरी कोणाकडे आणि कधीपासून, हे भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकावरून नेमकं कळतं. ते त्यांच्या मोबाइलवर ‘उमंग’ अॅपमध्ये असतं, समोर उघडून दाखवायला सांगा. दर महिन्याला कुठल्या कंपनीने किती भरले ते त्यात दिसतं. सोबत तीन महिन्यांच्या पगाराची बँकेतली नोंद. चौघांच्यात साडेचार-साडेचार हजार म्हणजे त्यांना जड नाही.

अडचण दुसरीकडे आहे. चौघांपैकी एकाची बदली होते, तो जातो, त्याच्या जागी पाचवा येतो आणि तुम्हाला जिन्यावर अनोळखी चेहरा दिसतो. म्हणून करारात चौघांची नावं हवीत, सह्या चौघांच्या हव्यात, आणि पूर्ण भाड्याला प्रत्येकजण जबाबदार असं वाक्य हवं. नाहीतर ‘माझा हिस्सा मी दिला’ हे ऐकावं लागतं. नवा मुलगा आणायचा तर आधी तुमची परवानगी, मग पोलिसांकडे त्याचाही फॉर्म. आणखी एक प्रश्न तुमचा तुम्हालाच विचारा. त्यांच्या पाळ्या असतात, पहाटे तीनला मोटरसायकल सुरू होणार, अंगणात दिवा लागणार. त्यात त्यांचा काही दोष नाही, पण तुमची झोप सावध असेल तर आत्ताच नाही म्हटलेलं बरं.

दिल्लीच्या जोडप्याबद्दल वाचताना मी दोनदा थांबले. मागितल्यापेक्षा दोन हजार जास्त, वर्षाचे पैसे एकदम, तेही रोख, आणि कागद नको. यातली एकेक गोष्ट निर्दोष असू शकते, चारही एकत्र आल्या की कान टवकारावेत. पहिलं म्हणजे वीस हजारांप्रमाणे वर्षाचे दोन लाख चाळीस हजार होतात. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि दंड देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. तोही घेतलेल्या रकमेएवढा. म्हणजे त्यांच्या सोयीचा भुर्दंड तुमच्या बोकांडी.

दुसरं, भाड्याचे फ्लॅट आणि बंगले घेऊन आयपीएलवर सट्टा चालवणाऱ्या किंवा बोगस कॉल सेंटर चालवणाऱ्या टोळ्या गोवा पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. त्यांना कागद नको असतो आणि मालकाचं तोंड आगाऊ पैशाने बंद ठेवायचं असतं. भांडी चार आणि गाद्या बारा असं सामान वर चढताना दिसलं तर समजा. तिसरी शक्यता साधी आहे, पण तिची लागण आपल्याकडे जास्त. वर्षाच्या बोलीवर घर घ्यायचं आणि एअरबीएनबीसारख्या अॅपवर टाकून पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने द्यायचं. पर्यटकांना घर द्यायचं तर पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. ती नसेल तर आधी घराच्या मालकालाच जाब विचारतील. कोणालाही घर दिलंत तरी दोन-तीन महिन्यांनी मुलाला त्या अॅपवर पेडण्यातली घरं चाळायला सांगा. आपलाच जिना फोटोत दिसलेले लोक आहेत.

तरी त्यांना चोर ठरवू नका. लॅपटॉपवर काम करून सरळपणे राहणारी पुष्कळ माणसं गोव्यात आहेत. त्यांच्याकडे कंपनीचं पत्र, फॉर्म १६, बँकेचा तपशील सगळं तयार असतं, मागितलं की त्याच संध्याकाळी पाठवतात. तुम्ही एवढंच सांगा : भाडं अठराच हजार, दर महिन्याला बँकेत, करार होणार, पोलिसांचा फॉर्म भरणार. पुन्हा आले तर पुढची चौकशी करू. न आले तर तुमचं काम परस्पर झालं.

कागद तिघांकडून तेच मागा. आधार, पॅन, फोटो, मूळ गावचा पत्ता, कामाचं ठिकाण, मागच्या दोन घरमालकांचे नंबर, आणि घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव. आधारवरचा क्यूआर कोड यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) अॅपने स्कॅन केला की नाव-फोटो जुळतो का ते कळतं. मूळ कार्ड हातात घेऊन बघा. झेरॉक्सवर ‘फक्त घरभाड्यासाठी’ असं आडवं लिहून घ्या. आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत कोणी दिली तरी तुमच्या नोंदीला चालेल. ज्यांना घर देणार नाही त्यांच्या प्रती परत करा. दुसऱ्याचं आधार कार्ड कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘कसे वाटतात?’ म्हणून फिरवायचं नाही, हे मुद्दाम लिहिते कारण ते सर्रास चालतं.

माणूस दुखावेल ही तुमची भीती खरी आहे. ती एका माणसाला विचारलं आणि दुसऱ्याला नाही विचारलं की खरी ठरते. एका पानावर प्रश्न लिहून काढा आणि येईल त्याच्या हातात तेच पान द्या. ‘मुलाने सांगितलंय, सगळ्यांकडून भरून घेते’ म्हणा. पुण्यातला मुलगा एवढ्या कामाला येऊ द्या! सरळ माणूस दहा मिनिटांत भरून देतो.

पोलिसांकडची पडताळणी मात्र तुमच्या इच्छेवर नाही. गोव्यात भाडेकरूची माहिती पोलीस स्थानकात देणं मालकाला बंधनकारक आहे आणि टाळलं तर दंड आहे. भाडेकरू सावंतवाडीचा असो वा आसामचा. फॉर्म स्थानकात मिळतो. भरून दिलात की तुमच्या प्रतीवर पोच शिक्का घ्या, ती प्रत जन्मभर जपा. पण ‘पोलिसांनी काही म्हटलं नाही म्हणजे माणूस चांगला’ असं समजू नका. माहिती मूळ गावच्या ठाण्याकडे जाऊन उत्तर यायला वेळ लागतो, आणि भाडं बुडवणं ही काही पोलिसांच्या दप्तरात चढणारी गोष्ट नव्हे. मोरजी-मांद्र्याकडच्या वाचकांसाठी जाता जाता : भाडेकरू परदेशी असेल तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते.

आता शेजारणीचा मुंडकार. हा शब्द ऐकला की गोव्यातल्या निम्म्या घरमालकांना घाम फुटतो. १९७५ च्या मुंडकार कायद्यात भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जागेत कायम वस्ती करून राहणाऱ्याला संरक्षण आहे. पण भाटकाराच्या मालकीच्या घराचं भाडं देऊन राहणारा त्या व्याख्येतून वगळलेला आहे. म्हणजे तुमचं रक्षण भाड्याच्या कागदातच आहे. ‘भाडं राहू दे, घर सांभाळून राहा’ असं तोंडी ठरवून माणूस वर्षानुवर्षं ठेवला, की तो कोण म्हणून राहतोय हे पुढे सिद्ध करताना नाकीनऊ येतात. करार, बँकेत जमा होणारं भाडं आणि पावती असेल तर शेजारणीला निश्चिंत राहायला सांगा.

मुलाचा सल्ला पुण्याचा आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लीव्ह अँड लायसन्सचा (भाडेकरूचा हक्क न देता नुसती राहायची परवानगी देणारा) करार नोंदवावाच लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. तो कायदा गोव्याला लागू नाही. आपल्याकडे नोंदणीचा देशभराचा कायदा लागतो, आणि त्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. अकरा महिन्यांची प्रथा त्यातून आली. नुसतं ‘लीव्ह अँड लायसन्स’ असं मथळ्यावर छापून मात्र भागत नाही. कागदाला नाव काय दिलंय यापेक्षा आतला व्यवहार काय आहे ते कोर्ट बघतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच सांगितलंय. म्हणून झेरॉक्सच्या दुकानातला तयार नमुना घेऊ नका. म्हापशाच्या किंवा पेडण्याच्या वकिलाकडून दोन पानं लिहून घ्या. पोटभाडेकरू ठेवायचा नाही, पर्यटकांना द्यायचं नाही, कोणकोण राहणार, नोटीस किती दिवसांची, वीज-पाणी कोणी भरायचं, एवढं त्यात असलं पाहिजे. अकरा महिने संपायच्या आधी नवा करार करा. ‘चाललंय ते चालू दे’ इथेच बहुतेक भानगडी सुरू होतात. अनामत दोन महिन्यांची घ्या आणि तीही बँकेतूनच.

तुमच्याकडूनही काही गोष्टी आधीच सांगायच्या. नळाला पाणी किती वाजता येतं, पावसात कुठली भिंत ओलावते, चतुर्थीला घरात किती माणसं जमतात. मुंबईकडे मालक भाडेकरूला ‘मासे खाता का’ विचारतो, आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. वरच्या कुटुंबाला खालून येणारा खाऱ्या बांगड्याचा वास जून-जुलैत चालणार आहे का, ते आत्ताच विचारून घ्या.

मला विचाराल तर आधी कोलवाळला जाऊन या. तिथलं बोलणं जुळलं तर गवंड्याच्या कुटुंबाला द्या. नाही जुळलं, तर मुलांची कागदपत्रं बघा. किल्ली द्यायच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा आणि प्रत्येक खोलीचा फोटो दोघांनी मिळून काढा, त्यावर तारीख घाला आणि एकमेकांना पाठवा. ज्यांना देणार नाही त्यांना कारण सांगत बसू नका. ‘दुसऱ्यांना दिलं’ एवढं पुरे, पण ठरलं त्याच दिवशी कळवा. त्यांनाही दुसरीकडे घर बघायचं असतं.